जुना पिकअप घेताना: चावी हाती आली, पण नाव कोणाचे?

गेल्या काही वर्षांत बाजारपेठेतील पेढ्यांसमोर एक बदल ठळकपणे दिसू लागला आहे. पूर्वी मालाची ने-आण भाड्याच्या टेम्पोवर चालत असे. टेम्पोवाला ठरलेला असे, हमाल ठरलेले असत आणि महिन्याअखेरीस हिशेब होत असे. आता मध्यम व्यापाऱ्याच्या दुकानासमोरही स्वतःचा डिझेल पिकअप उभा असतो. मोंढ्यातून आलेले धान्य वखारीत टाकणे, खेड्यातील किरकोळ दुकानदाराला तेलाचे डबे पोहोचविणे, कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आणणे ही कामे घरच्या गाडीने वेळेवर होतात. मात्र नवा पिकअप आठ-दहा लाखांच्या घरात जातो. त्यामुळे पाच-सहा वर्षे चाललेली गाडी निम्म्याच्या आसपास मिळत असेल, तर व्यापारी मनाला तो सौदा साहजिकच पटतो.

त्यात वावगे काही नाही. डिझेल इंजिन नीट सांभाळले तर दीर्घकाळ साथ देते आणि नव्या गाडीची पहिल्या काही वर्षांतील मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. पोत्यात सळई खुपसून दाणा पाहिल्याशिवाय जो माल उचलत नाही, रोजमेळ जुळल्याशिवाय जो दुकानाला कुलूप लावत नाही, तोच व्यापारी चार-पाच लाखांची गाडी मात्र तोंडी शब्दावर घेतो आणि तोंडी शब्दावर विकतो. ‘माणूस ओळखीचा आहे, कागद काय, होतील सावकाश,’ हे वाक्य अशा बहुतेक व्यवहारांत कोणीतरी उच्चारतेच. बाजारात शब्दाला मोल आहे आणि ते असावेही. परंतु परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत त्या शब्दासाठी रकाना नाही.

प्रथम गाडीकडे वळू. पाहणीला जायचे ते सकाळी लवकर आणि विक्रेत्याला आधीच सांगून ठेवायचे की गाडी सुरू करून ठेवू नये. थंड इंजिन कसे सुरू होते यावरून जितके कळते तितके तासभर फिरवूनही कळत नाही. बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे ना, हे पाहावे. गाडी सुरू होताच धूर पाहावा. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर जास्त असेल तर इंजेक्टर, हवेची गाळणी किंवा टर्बोकडे संशयाने पाहावे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून जोराने धूर फुसफुसत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि मोठा खर्च दाराशी उभा आहे. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे दिसणे स्वाभाविक आहे, त्याने बिचकू नये. ते दुधाळ दिसले तर मात्र तेथेच नमस्कार करून परतावे.

मॉडेल निवडताना एक तारीख ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. त्यापूर्वीच्या बीएस-४ गाड्यांची रचना तुलनेने सोपी आहे आणि तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही त्या हाताळू शकतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी इंजिन काही काळ चांगले तापून चालावे लागते. दिवसभर गल्लीबोळांत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष झाले की खर्च हजारोंवर जातो. म्हणून बीएस-६ गाडी घेताना ती आजवर कोणत्या कामाला होती हे विचारणे किलोमीटरचा आकडा वाचण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. आकडा मागे फिरवता येतो. क्लचच्या पेडलवरचे घासलेले रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड फिरवता येत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंकही पाहावेत. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. ‘परवाच टाकले’ म्हणणाऱ्याची परीक्षा तेथे आपोआप होते.

पिकअपचे खरे आयुष्य मात्र त्याच्या खालच्या बाजूस लिहिलेले असते. गाडीखाली वाकून चॅसिसची दोन्ही अंगे पाहावीत. वेल्डिंगचे सांधे, नव्या रंगाचा पट्टा किंवा किंचित वाक दिसला तर गाडी अपघातात सापडलेली आहे किंवा क्षमतेपलीकडे लादलेली आहे. मागचे पाटे मोजावेत. कंपनीच्या संख्येपेक्षा एखादा पाटा जास्त असेल तर मालक दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरत होता, हे वेगळे सांगावयास नको. हौद्याचा तळ, फाळक्याच्या कड्या आणि बिजागऱ्या हीच साक्ष देतात. हा मुद्दा केवळ यंत्राचा नाही. जादा भार सापडल्यास मोटार वाहन कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. जुन्या मालकाची सवय नव्या मालकाच्या चालकाला लागण्यास वेळ लागत नाही, विशेषतः चालक गाडीबरोबरच आला असेल तर.

मागच्या बाजूस जोडणीचा हुक वेल्ड केलेला दिसला तर दोनदा विचार करावा. चाकांवरचा जनरेटर, ट्रॉली किंवा बंद पडलेली दुसरी गाडी ओढण्यासाठी असे हुक स्थानिक कारखान्यात सर्रास लावले जातात. ओढकामाचा ताण क्लच, गिअरपेटी, मागचा डिफरन्शिअल आणि ब्रेक या सर्वांवर पडतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी गाडी एखाद्या चढावर न्यावी आणि वरच्या गिअरमध्ये जोर द्यावा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. गाडी सोडून देताना मागून गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल तर डिफरन्शिअल मिस्त्रीला दाखवावा. ज्यांना स्वतःलाच ओढण्यासाठी पिकअप हवा आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे वेगळे वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते आणि विम्यात त्याची वेगळी नोंद व्हावी लागते. निर्मात्याने त्या मॉडेलला ट्रेलर ओढण्याची मान्यता घेतली आहे का, आणि किती वजनासाठी, हे माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय हुकावर भिस्त ठेवू नये. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे फेरफार गाडीत करण्यास कायद्याचीच मनाई आहे.

सांगली-कोल्हापूर भागातील वाचकांना ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा महापूर आठवत असेल. चिपळूणनेही त्याच जुलैत तो अनुभवला. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, पुसून, रंगवून नंतर बाजारात येतात आणि जिल्हा बदलला की इतिहास पुसला जातो. आसनाखालचे स्क्रू गंजलेले, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, गालिच्याखाली बारीक गाळ आणि दिव्यांच्या काचेत ओल, अशी चिन्हे एकत्र दिसली तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी घेऊ नये.

इथवरचे काम चांगला मिस्त्री हजार-दोन हजार रुपये घेऊन करून देतो. खरी जोखीम पुढे आहे आणि तिच्यासाठी मिस्त्री उपयोगाचा नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे, तोच मालक. पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे आहे, डिझेल कोण भरतो, हे प्रश्न त्यानंतरचे. नोटरीसमोर केलेला शंभर रुपयांचा करारनामा अनेक जण तिजोरीत जपून ठेवतात. तो खरेदीचा पुरावा आहे, मालकीची नोंद नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला एक निकाल या दृष्टीने प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. एक मोटार पहिल्या मालकाने विकली. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली, परंतु नोंदणी कोणीच बदलली नाही. २००९ मध्ये त्या मोटारीने अपघात झाला आणि त्यात एक जीव गेला. पहिल्या मालकाने गाडी दोन वर्षांपूर्वीच विकल्याचे सांगितले. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी तरीही त्याच्यावरच ठेवली, कारण अपघाताच्या दिवशी नोंदवहीत नाव त्याचे होते. अपघातग्रस्ताने गाडीच्या विक्रीची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही, हा त्यामागील विचार आहे.

म्हणजे नाव न बदलण्याचा धोका घेणाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, विकणाऱ्याला आहे. व्यापारी कुटुंबे इथेच फसतात. जुना पिकअप बहुधा ओळखीच्याच माणसाला दिला जातो: वर्षानुवर्षे माल वाहणारा चालक, शेजारच्या गाळ्यातील तरुण, नात्यातील कोणी. त्याला ‘आधी नाव चढव, मग गाडी ने’ म्हणणे अवघड वाटते. त्याचा अपमान होईल असे वाटते. मग विक्रेता अर्ज क्रमांक २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देतो. दोन महिन्यांनी तो ओळखीचा माणूस गाडी एखाद्या दलालाला विकतो. दलाल त्याच कोऱ्या अर्जांसह ती पुढे सरकवतो, कारण मध्ये स्वतःचे नाव चढविले तर शुल्क त्याला पडते. गाडी तिसऱ्या जिल्ह्यात कोणाकडे आहे हे विक्रेत्याला ठाऊक नसते; दंडाची चलाने मात्र त्याच्याच मोबाइलवर येत राहतात. चलानावर गोष्ट थांबली तर नशीब म्हणावयाचे.

कायद्याने मुदती स्पष्ट दिल्या आहेत. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विक्रेत्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे. गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर पंचेचाळीस दिवस आणि ना-हरकत प्रमाणपत्र. खरेदीदाराने तीस दिवसांत आपले नाव चढवून घ्यावयाचे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत परवान्याची पद्धत आली आहे. अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना संकेतस्थळावर नोंदवली की पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. दलालाकडून किंवा दलालाला व्यवहार करावयाचा असेल तर हे अधिकारपत्र दाखविण्यास सांगावे. ते नसेल तर तो ओळखीचा असो वा गोडबोल्या, आपल्या दृष्टीने तो केवळ मध्यस्थ आहे.

ओळखीच्या माणसाशी व्यवहार असेल तर संकोच टाळण्याचा एक साधा मार्ग काही पेढ्या अवलंबतात. विसार घेतानाच ठरवून टाकतात की शेवटचे पंचवीस-तीस हजार नाव चढल्यावर आणि अर्ज दाखल करण्यास दोघांनी मिळून जावयाचे. अट सर्वांना सारखी असली की कोणाचाच मान दुखावत नाही. गाडीचा ताबा देताना तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्यांची पावती करावी. सकाळी अकराला दिलेल्या गाडीचे सकाळी नऊचे चलान कोणाचे, हा वाद मग उरत नाही.

खरेदीदाराने विसार देण्यापूर्वी परिवहन विभागाच्या वाहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नोंद वाचावी. मालकाचे नाव, पासिंगची मुदत, विमा, पीयूसी, थकीत चलाने आणि कर्जाचा बोजा हे सर्व तेथे कळते. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागू होतो. साडेसात वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. एकूण भारित वजनाचा आकडाही नोंदणीपुस्तकात पाहावा. तो तीन हजार किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाही. पुस्तकातील चॅसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवावा आणि तेथल्या तेथे पेन्सिलीने त्याची छाप घ्यावी. क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा असतील तर बोलणी तेथेच थांबवावीत.

बोजाविषयी थोडे अधिक. कर्ज फेडले की गाडी मोकळी झाली असे सर्वसाधारणपणे समजले जाते. शेवटचा हप्ता भरल्यावर बँक किंवा वित्तसंस्था ना-हरकत पत्र आणि अर्ज क्रमांक ३५ देते. तो कागद कपाटात ठेवला जातो आणि नोंदणीपुस्तकावरील बोजा वर्षानुवर्षे तसाच राहतो. तो परिवहन कार्यालयात जाऊन उतरवावा लागतो. वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. मध्यंतरी ती वित्तसंस्था दुसरीत विलीन झाली असेल किंवा तिची शाखा बंद झाली असेल, तर नवे पत्र मिळवताना महिने जातात. म्हणून ‘कर्ज केव्हाच फिटले’ या उत्तरावर न थांबता बोजा उतरलेले पुस्तक पाहूनच पूर्ण रक्कम द्यावी.

खरेदीसाठी कर्ज घ्यावयाचे असेल तर व्याजाची भाषा समजून घेणे अगत्याचे आहे. जुन्या गाडीसाठी दर मुळातच जास्त आणि मुदत कमी असते. त्यातही काही ठिकाणी ‘फ्लॅट’ दर सांगितला जातो. समजा चार लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट दराने घेतले. व्याज झाले एक लाख आठ हजार. पाच लाख आठ हजार भागिले छत्तीस, म्हणजे हप्ता सुमारे १४,१११ रुपये. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण चार लाखांवरच लावलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो. दारावर वसुलीची पद्धत सौम्य आहे की नाही, याआधी हा एक प्रश्न विचारावा: दर घटत्या शिलकीवर आहे का?

पैशाची देवघेव रोखीने करण्याचा मोह आवरावा. धंद्यासाठी घेतलेल्या मालमत्तेपोटी एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर ती रक्कम गाडीच्या किमतीत धरली जात नाही आणि तिच्यावर घसारा मिळत नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. गाडी कोणाच्या नावावर घ्यावयाची हेही आधी ठरवावे. नाव थोरल्या भावाचे, पैसे भागीदारी पेढीचे आणि घसारा तिसऱ्याच खात्यात, असे झाले की करनिर्धारणाच्या वेळी आणि पुढे वाटणीच्या वेळीही प्रश्न उभे राहतात. जीएसटी नोंदणी असलेली पेढी स्वतःचा जुना पिकअप विकत असेल तर तोही पुरवठाच ठरतो. मूळ खरेदीवर क्रेडिट घेतलेले नसेल तर कर फक्त घसाऱ्यानंतरच्या किमतीहून जास्त मिळालेल्या रकमेवर, १८ टक्क्यांनी लागतो. क्रेडिट घेतले असेल तर हिशेब वेगळा होतो आणि तो करसल्लागाराकडूनच करून घ्यावा.

विम्याबाबतचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. विक्रीनंतर जुना विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, हे अर्धेच खरे आहे. तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईपुरता तो येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग विमा कंपनीने नवे नाव मान्य केल्याशिवाय येत नाही, आणि त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावयाचा असतो. नो-क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. तो विक्रेत्याबरोबर जातो, त्यामुळे नव्या मालकाला फरकाचा हप्ता भरावा लागतो. चालकाच्या परवान्याविषयी मात्र दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. पण हौद्यात माणसे बसविण्याला मात्र कोणताही दिलासा नाही. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी असणे वेगळे. लग्नाला, जत्रेला किंवा शेजाऱ्याच्या आग्रहाखातर हौद्यात बसविलेल्या प्रवाशांना मालवाहू गाडीचे विमासंरक्षण नसते. अपघात झाला तर भरपाई पेढीच्या गल्ल्यातून आणि घराच्या मिळकतीतून जाते.

सर्व उरकल्यावर एक लहान गोष्ट हमखास राहते. काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो. गाडी नव्या मालकाकडे गेली तरी टोल जुन्याच्या शिलकीतून कापला जातो; आणि एका वाहनाला एकच टॅग असा नियम असल्यामुळे, जुना बंद झाल्याशिवाय नव्याला स्वतःचा टॅग घेताना अडचण येते. ताबा देण्याच्या दिवशी विक्रेत्याने बँकेला कळवून तो बंद करावा आणि काचेवरून खरवडून काढावा. ताबापावतीवर तेवढी एक ओळ लिहून घ्यावी.